ग्रुपवर कुणी ‘आता संपवतो सगळं’ लिहिलं तर: नव्या ॲडमिनसाठी

एमपीएससी, पोलीस भरती, नीट, बँकिंग अशा परीक्षांचे असंख्य व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम ग्रुप मराठीत चालतात. नोट्स, तारखा, उत्तरतालिका फिरवता याव्यात एवढ्यासाठी कुणीतरी ॲडमिन झालेलं असतं. मग मेरिट लिस्ट लागते, कुणाचं वय निघून चाललेलं असतं, कुणाला घरून पैसे येणं थांबतं, आणि एका रात्री त्याच ग्रुपवर असा मेसेज पडतो की पुढचा अर्धा तास काय करायचं हे ॲडमिनला सुचत नाही. तो अर्धा तास, त्याआधीची तयारी आणि नंतरचे काही आठवडे यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

वाचताना तुमच्या स्वतःच्याच मनात असे विचार चालू असतील तर लेख राहू द्या. १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ‘आत्ता काहीतरी करून बसेन’ असं वाटत असेल तर ११२ लावा आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा.

ॲडमिनचं काम छोटं आहे, पण नेमकं आहे: त्या माणसाला ग्रुपवरून खासगी चॅटवर आणायचं, चॅटवरून आवाजावर, आणि तिथून त्याच्या दाराशी पोचू शकेल अशा कुणापर्यंत न्यायचं. त्याला बरं करणं हे तुमचं काम नाही. बहुतेक चुका होतात त्या पहिल्याच पायरीवर रेंगाळल्यामुळे.

आधीच करून ठेवायची कामं

एकट्याने ग्रुप चालवू नका. दोन-तीन ॲडमिन ठेवा, त्यात एखादी मुलगी किंवा ताई असू द्या, आणि फक्त ॲडमिनचा वेगळा छोटा ग्रुप करा. रात्री अकरानंतर कोण जागं असतं हे आधी बोलून घ्या.

व्हॉट्सॲपवर सहसा निदान नंबर तरी दिसतो. टेलिग्रामवर तो लपलेला असतो आणि नावाच्या जागी ‘फ्युचर पीएसआय’ लिहिलेलं असतं. म्हणून ग्रुपमध्ये घेतानाच एक छोटा गुगल फॉर्म भरून घ्या: नाव, सध्या राहतो ते ठिकाण, आणि ‘तातडीच्या वेळी कुणाला फोन करू?’ या प्रश्नापुढे एक नंबर. तिसरी ओळ ऐच्छिक ठेवा आणि ही माहिती दोघाच ॲडमिनना दिसेल असं बघा. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे पत्ता. मुलं फॉर्मात गावाचा पत्ता लिहितात. मुलगा पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहत असतो आणि फॉर्मवर असतो हिंगोली जिल्ह्यातल्या गावाचा पत्ता. त्या रात्री उपयोगी पडतो तो नवी पेठेतला पत्ता, अभ्यासिकेचं नाव आणि रूम पार्टनरचा नंबर.

मग एक मेसेज पिन करा. लांब नको. ‘अभ्यासाच्या ताणात जगणं नकोसं वाटत असेल तर ॲडमिनपैकी कुणालाही कधीही मेसेज करा. १४४१६ वर मराठीत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११२.’ एवढं पुरे. वीस-वीस हेल्पलाइनच्या याद्या फॉरवर्ड होत असतात, त्यातले कित्येक नंबर बंद पडलेले किंवा ठराविक वेळेतच चालणारे असतात. पिन करण्याआधी प्रत्येक नंबर स्वतः लावून पाहा. रात्री दोन वाजता ज्याने धीर करून फोन लावला, त्याला ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ ऐकू आलं तर तो दुसरा नंबर लावेलच असं नाही.

मस्करी कुठली आणि खरं कुठलं

सीसॅटचा पेपर अवघड गेला की अर्धा ग्रुप ‘आता जीवच देतो’ म्हणतो. यातलं जवळजवळ सगळं वैताग असतो. काळजी करायची ती नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर. रोज भांडणारा मुलगा अचानक सगळ्यांची माफी मागतो. एखादी जण विचारते, ‘माझ्या नोट्स कुणाला हव्यात? मला आता लागणार नाहीत.’ कुणी मेसचे उरलेले पैसे, मित्राची उसनवारी एका दिवसात फेडून टाकतो. ‘घरच्यांवर ओझं झालोय’, ‘माझ्यामागे सगळे सुखी होतील’, ‘कुणी शोधू नका’ ही वाक्यं कधीच मस्करीत टाकू नका. आठवडाभर उद्ध्वस्त असलेला माणूस कारणाशिवाय एकदम शांत झाला तर तेही चांगलंच लक्षण आहे असं धरून चालू नका. काळा डीपी किंवा दुःखी शायरीचं स्टेटस यांना एकटं काही अर्थ नाही, पण वरच्यापैकी काही सोबत असेल तर आहे.

शंका आली तर खासगीत विचारा. तो हसून ‘अरे नाही रे, पेपरला वैतागलो होतो’ म्हणाला, तर तुमचं काही गेलं नाही.

पहिली दहा मिनिटं

आधी स्क्रीनशॉट घ्या: मेसेज, वेळ, नंबर. माणसं घाबरून स्वतःचाच मेसेज डिलीट करतात, आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर नंतर हाती काही राहत नाही. हा स्क्रीनशॉट ॲडमिनच्या ग्रुपबाहेर जाता कामा नये, पोलिसांना द्यायचा असेल तेवढा अपवाद.

ग्रुपवर एकच ओळ लिहा आणि ती त्याला उद्देशून लिहा: ‘सुमित, वाचलं. मी आत्ता तुला फोन करतोय.’ बाकीच्यांसाठी: ‘आम्ही त्याच्याशी बोलतोय. इथे मेसेज करू नका, त्याला फोन लावू नका. कुणी त्याच्या रूमच्या जवळ असेल तर मला खासगीत सांगा.’ ही शेवटची ओळ फार कामाची असते. मग गरज पडली तर थोड्या वेळासाठी ‘फक्त ॲडमिन मेसेज करू शकतात’ हे सेटिंग लावा. नाहीतर दहा मिनिटांत दीडशे ‘स्ट्राँग राहा भावा’, चार बोधकथा आणि एखादा ‘ड्रामा बंद कर’ येऊन पडतो, आणि तो एकच नेमका त्याच्या डोळ्यांसमोर राहतो.

त्याला ग्रुपमधून काढू नका. घाबरलेले ॲडमिन हे पटकन करतात, ‘आपल्यावर येईल’ म्हणून. ज्या क्षणी तो म्हणतोय की मी कुणालाच नकोय, त्या क्षणी स्क्रीनवर ‘ॲडमिनने तुम्हाला काढून टाकलं’ दिसतं.

कामं वाटून घ्या. एक जण फक्त त्याच्याशी बोलेल. दुसरा रूम पार्टनर, अभ्यासिकेचा मालक, घरचं कुणी, यांना शोधेल. शक्य असेल तर तिसरा ११२ साठी मोकळा राहील. फोन एकानेच लावायचा. एकाच वेळी सहा जण लावत राहिले तर त्याचा फोन सतत व्यस्त राहतो आणि तो सगळेच कॉल कापायला लागतो. दोनदा उचलला नाही तर मेसेज टाका: ‘बोलायला जमत नसेल तर इथे लिही. मी फोन हातात धरून बसलोय.’ व्हॉट्सॲपच्या टिकांवरून निष्कर्ष काढू नका. एक टिक म्हणजे मेसेज पोचला नाही एवढंच. नेट संपलेलं असेल, फोन बंद असेल किंवा त्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल. दोन निळ्या टिका म्हणजे वाचला, पण तो ठीक आहे असं नव्हे.

विचारायचं कसं

इथे आपली भाषाच आडवी येते. काळजीपोटी आपण विचारतो, ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं आहे. त्याला ‘नाही’ म्हणायचं आहे, आणि विचारणाऱ्याला तेच ऐकायचं आहे हेही त्याला कळतं. तो ‘नाही’ म्हणतो आणि विषय मिटतो. शिवाय ‘वेडंवाकडं’ म्हटलं की त्याच्या मनातला विचार लाजिरवाणा ठरतो.

सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ किंवा ‘आत्महत्येचा विचार करतोयस का?’ हे शब्द उच्चारले तर नसलेला विचार डोक्यात घुसेल ही भीती जवळपास सगळ्यांना वाटते. या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांत तसं होताना दिसलेलं नाही, उलट विचारलं गेल्यावर पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. मोठ्या माणसाला अर्थातच ‘तुम्ही’ म्हणून विचारायचं: ‘दादा, तुम्हाला जगणं नकोसं झालंय का? जीव द्यायचं मनात येतंय का?’

उत्तर ‘हो’ आलं, की लगेच समजवायला लागू नका. ‘आई-बापाचा विचार कर’ हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि बहुतेकदा उलटं जाणारं वाक्य आहे. तो आई-बापाचाच विचार करत असतो. आपण त्यांच्यावर ओझं झालोय हाच त्याचा हिशोब असतो, आणि तुमचं वाक्य त्यात आणखी एक अपराध जमा करतं. ‘मी पण तीनदा नापास झालो होतो, आज बघ’ हेही नको, कारण त्यातून त्याला ऐकू येतं की तू कमी पडलास. ‘माझी शपथ आहे तुला, असं काही करणार नाही म्हण’ हा तर घरोघरचा उपाय. शपथेने धोका कमी होत नाही. फक्त पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणार नाही, कारण आता सांगणं म्हणजे शपथ मोडल्याची कबुली.

चालणारी बोलणी साधी असतात.

‘सर सोडा, तुम्हाला नाही कळणार.’
‘सगळं नाही कळणार. सांग तरी. आज काय झालं?’
‘दोन मार्कांनी गेलं. सहावं वर्ष.’
‘दोन मार्क. सहा वर्षं. अवघड आहे रे.’
‘घरी काय सांगू? बापाने म्हैस विकून पैसे पाठवले.’
‘त्यांना तोंड कसं दाखवू, असं होतंय.’
‘हो.’
‘असं होतं तेव्हा जीव द्यायचं मनात येतं?’
‘... हो.’
‘सांगितलंस हे बरं केलंस. मी इथेच आहे. आत्ता तू कुठे आहेस? एकटा आहेस का?’

यात सल्ला एकही नाही. त्याचेच शब्द त्याला परत दिलेत, सरळ प्रश्न विचारला आणि ‘हो’ आल्याबरोबर ठिकाण विचारलं. चॅटवर असाल तर उत्तरं छोटी ठेवा. चार परिच्छेदांचा मेसेज टाइप व्हायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ त्याला फक्त ‘टायपिंग...’ दिसत राहतं.

‘कुणाला सांगू नका’ असं तो म्हणेलच. तसं वचन देऊ नका. ‘ग्रुपवर एक शब्द जाणार नाही. पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी मदतीला एखाद्याला घेणार. कुणाला घेऊ ते तू सांग.’ निवड त्याच्या हाती दिली की विरोध बराच ओसरतो.

किती घाई आहे

तीन गोष्टी विचारा, याच क्रमाने. कसं करायचं ते ठरवलंय का? ते जवळ आहे का? कधी? पद्धतीची बारीकसारीक चौकशी मात्र करू नका, त्याची तुम्हाला गरज नसते.

विचार येतात पण काही ठरवलेलं नाही, तर बोलत राहा, आज रात्री सोबतीला कुणीतरी राहील असं बघा आणि उद्याची मदत ठरवा. ठरवलं आहे पण आज नाही, असं उत्तर आलं तर आजच घरचं किंवा जवळचं माणूस त्याच्याकडे पोचलं पाहिजे. ठरवलं आहे, साधन हाताशी आहे आणि वेळ आज-आत्ताची आहे, तर एकाने त्याच्याशी बोलत राहायचं आणि दुसऱ्याने ११२ लावायचा. आधीच काही करून झालं असेल तर १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ दोन्ही, तो ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी. काही वेळा त्रास कित्येक तासांनी दिसायला लागतो, म्हणून बरं वाटण्यावर विसंबून रुग्णालय टाळायचं नाही.

साधनाचा मुद्दा वाटतो त्याहून फार मोठा आहे. टोकाची तीव्र इच्छा बहुधा लाटेसारखी चढते आणि उतरते, आणि ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं यानेच पुष्कळ जीव वाचतात. त्याने ज्याचा उल्लेख केला ती वस्तू रूम पार्टनरने खोलीतून बाहेर न्यायची किंवा घरच्यांनी कुलपात ठेवून किल्ली स्वतःकडे घ्यायची. तो स्वतः खोलीतून उठून लोकांत जाऊन बसला तरी चालतं.

११२ ला काय सांगायचं

नाव, फोन नंबर, शेवटचा मेसेज शब्दशः आणि त्याची वेळ, ठाऊक असलेला सगळ्यात अलीकडचा पत्ता आणि जवळची खूण, तो एकटा आहे का, आणि तुमचा स्वतःचा नंबर. तो दुसऱ्या राज्यात असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा, कारण तुमचा कॉल तुम्ही उभे आहात त्या राज्याच्या कक्षात जातो. पत्ता माहीत नसेल तर त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन मागा. बोलता बोलता ‘लोकेशन टाक, मी कुणाला तरी पाठवतो’ म्हटलं की अनेक जण टाकतात. ग्रुपमधला कुणी दुबईत किंवा लंडनमध्ये असेल तर तिथून ११२ लावून भारतातली मदत मिळत नाही. त्याने भारतातल्या ॲडमिनला उठवायचं. आणि अडचणीत असलेला माणूसच परदेशात असेल तर तिथल्या हेल्पलाइनचे नंबर लागतात: अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४.

इन्स्टाग्राम-फेसबुकवर पोस्ट रिपोर्ट करताना आत्महत्येसाठी वेगळा पर्याय आहे, तो वापरा. पण रिपोर्ट केल्यावर दारात कुणी येईल असं धरून बसू नका.

पोलिसांचं नाव काढलं की ‘केस होईल’ ही भीती सगळ्यांनाच असते, घरच्यांना तर जास्तच. तिचं उत्तर तोंडपाठ ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्यासाठी त्याला शिक्षा होत नाही. आत्महत्येचा प्रयत्न सरसकट गुन्हा मानणारं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब घेतला जातो, पण त्यामुळे भरतीसाठी तो गुन्हेगार ठरत नाही. वर्दीची स्वप्नं पाहणाऱ्या मुलांना हे शेवटचं वाक्य स्पष्ट सांगावं लागतं.

हेल्पलाइन आणि डॉक्टर

‘१४४१६ ला फोन कर’ एवढं म्हणून सुटू नका. तो ‘हो करतो’ म्हणतो आणि करत नाही. तुम्हीच लावा, भाषा मराठी निवडा आणि त्याला कॉन्फरन्सवर घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज दिसली तर पुढे तज्ज्ञाशी जोडलं जातं. लाइन लागली नाही तर १८००-८९१-४४१६. ‘मित्राची काळजी वाटतेय, काय बोलू?’ हे विचारायला तुम्ही स्वतःही फोन करू शकता.

मानसोपचार फक्त श्रीमंतांचं काम नाही. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते. पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. नीटच्या ग्रुपवर अठरा वर्षांखालची मुलं बरीच असतात, त्यांच्या बाबतीत पालकांना कळवणं टाळू नका. त्रास घरातूनच होत असेल तर १०९८, ही मुलांसाठीची चाइल्डलाइन. कारण लोन ॲपची धमकी किंवा खासगी फोटो पसरवण्याची भीती असेल तर त्याच दिवशी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे जीव द्यावासा वाटण्यामागे ‘यातून सुटकाच नाही’ ही समजूत बहुधा असते, आणि तक्रार नोंदली गेली की ती बरीच ढिली पडते.

दुसऱ्या दिवसापासून

रात्र निभावली की ग्रुप सुटकेचा श्वास टाकतो आणि दोन दिवसांत तो विषय विसरतो. खरा खड्डा तिथे आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोट्टो यांनी पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी अर्ध्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, ‘तुमची आठवण आहे, वाटलं तर लिहा’ एवढ्याच अर्थाची. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. तुमच्याकडे पोस्टाच्या जागी व्हॉट्सॲप आहे. दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याला एक: ‘आज जेवलास का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’ अभ्यास किती झाला हे विचारू नका.

तो सावरलेला असताना पंधरा मिनिटं बसून एक कागद त्याच्याच अक्षरात करून घ्या. पुन्हा तसं वाटायला लागलं की सुरुवात कशी होते (झोप उडते, जेवण सुटतं). तेव्हा एकट्याने काय करून थोडं हलकं वाटतं. कुठे जाऊन बसता येतं. कुणाला फोन करायचा, क्रमाने तीन नावं. डॉक्टर आणि १४४१६. घरातली कोणती वस्तू कुणाकडे ठेवायची. कागदाचा फोटो त्याच्या फोनमध्ये आणि एका विश्वासू माणसाकडे.

बोलणारा ॲडमिनही माणूसच आहे. सलग दोन-तीन रात्री एकानेच जागू नये. पाळी बदला, पण त्याला आधी सांगून: ‘आज रात्री प्रियाताई असेल, तिला सगळं माहीत आहे.’ न सांगता गायब झालेला ॲडमिन त्याच्या लेखी सोडून गेलेला माणूस असतो.

आणि गेलाच तर

सगळं नीट करूनही कधी कधी माणूस जातो. त्या दिवशी ग्रुपवर काय लिहिलं जातं त्यावर इतरांचे जीव अवलंबून असतात, कारण त्याच परिस्थितीतली पाच-सात मुलं तोच मेसेज वाचत असतात. कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय होतं, यातलं काही लिहू नका आणि कुणी लिहिलं तर पुसून टाका. ‘दोन मार्कांनी जीव घेतला’ असं एकच कारण चिकटवू नका, तसं कारण बहुधा नसतंच. ‘सुटला बिचारा’, ‘आता त्याला शांती मिळाली’ हे तर अजिबात नको. त्याचा फोटो ग्रुपचा डीपी करू नका. लिहा एवढंच: तो आपल्यातून गेला, आम्हाला फार वाईट वाटतंय, कुणाला बोलायचं असेल तर आम्ही आहोत, १४४१६ आहे.

मग त्याच्याशी शेवटचं बोललेल्यांची यादी काढा. रूम पार्टनर, शेजारच्या टेबलावर बसणारा, त्याच मेरिट लिस्टमध्ये नाव न आलेले मित्र. महिनाभर त्यांना वेगवेगळे मेसेज करत राहा, आणि त्यांनाही तोच सरळ प्रश्न विचारा.